गाडीचा एसी गार हवा देत नाही? ‘गॅस संपला’ म्हणण्याआधी हे तपासा

मे महिन्याची दुपार. नवापूरहून बोईसरकडे निघालात. एसीचं बटण दाबलंय, ब्लोअर फुल्ल आहे, आवाजही जोरात येतोय. पण हवा? ती मात्र साध्या पंख्यासारखी. बोईसरला पोहोचेस्तोवर शर्ट पाठीला चिकटलेला असतो.

मग शेजारी बसलेला माणूस ठरलेलं वाक्य टाकतो. “गॅस संपला असणार. भरून टाक.”

गॅरेजवाला गॅस भरून देतो, एसी गारही होतो. महिन्या-दोन महिन्यांनी परत तेच. पुन्हा गॅस, पुन्हा पैसे. पालघर जिल्ह्याच्या किनारपट्टीवर, म्हणजे नवापूर, आलेवाडी, नांदगाव, दांडी, तारापूर या पट्ट्यात हा अनुभव अनेक गाडीवाल्यांना नवा नाही. (हे नवापूर पालघर तालुक्यातलं. नंदुरबारच्या नवापूरशी गल्लत नको.)

पण खरंच दर वेळी गॅसच संपतो का? आणि संपतो म्हणजे जातो कुठे? एसी नेमका कशामुळे बिघडतो, घरच्या घरी काय तपासता येतं आणि गॅरेजमध्ये काय विचारायचं, हे सगळं सोप्या भाषेत बघूया.

आधी हे समजून घ्या, एसी ‘थंडी’ तयार करत नाही

एसी गाडीतली उष्णता उचलतो आणि बाहेर नेऊन टाकतो. बस्स, एवढंच त्याचं काम.

हे काम करणारा गॅस म्हणजे रेफ्रिजरंट. गेल्या २५-३० वर्षांतल्या भारतातल्या बहुतेक गाड्यांमध्ये आर-१३४ए हा गॅस असतो. साध्या हवेच्या दाबाला तो उणे २६ अंशांना उकळतो. पाणी उकळताना शेगडीची उष्णता ओढून घेतं, तसाच हा गॅस उकळताना गाडीतल्या हवेची उष्णता ओढून घेतो.

त्याचा प्रवास असा असतो. इंजिनाच्या पट्ट्यावर फिरणारा कॉम्प्रेसर गॅस दाबतो, त्यामुळे गॅस तापतो. हा तापलेला गॅस गाडीच्या तोंडाशी, रेडिएटरच्या पुढे बसवलेल्या कंडेन्सरमध्ये जातो. तिथे बाहेरच्या हवेला उष्णता देऊन त्याचा द्रव होतो. मग एक्स्पान्शन व्हॉल्व्हच्या बारीक छिद्रातून तो डॅशबोर्डमागच्या कूलिंग कॉइलमध्ये शिरतो. तिथे दाब एकदम उतरतो, द्रव उकळतो आणि कॉइल गार पडते. ब्लोअर त्या गार कॉइलवरून हवा ढकलतो, तीच आपल्या तोंडावर येते.

याच परिसरातलं एक उदाहरण घ्या. तारापूर अणुऊर्जा केंद्र १९६९ मध्ये सुरू झालं, ते समुद्राच्या काठावर. टर्बाइनमधून निघणाऱ्या वाफेची उष्णता टाकून द्यायला तिथे समुद्राचं पाणी वापरतात. गाडीकडे समुद्र नसतो, तिच्याकडे फक्त कंडेन्सरमधून जाणारी हवा असते. ती हवा अडली की उष्णता आतच अडकते आणि एसी हात टेकतो.

तापमान ३४ अंशच, मग एसी इतका का दमतो?

चंद्रपूरला ४२ अंशांत एसी छान चालतो आणि नवापूरला ३४ अंशांत दमतो, असं कसं? उत्तर आहे दमटपणात.

कूलिंग कॉइलला दोन कामं करावी लागतात. एक, हवा गार करणं. दुसरं, हवेतली वाफ पाणी करून काढून टाकणं. गाडीखाली थेंब थेंब पडणारं पाणी ते हेच. तो बिघाड नाही, एसी काम करत असल्याची खूण आहे.

आता थोडा हिशोब. ३४ अंश तापमान आणि ७० टक्के आर्द्रता असेल, तर एक किलो हवेत साधारण २४ ग्रॅम वाफ असते. तीच हवा १० अंशांपर्यंत गार केली की तिच्यात जेमतेम ८ ग्रॅम वाफ मावते. उरलेल्या १६ ग्रॅम वाफेचं पाणी करायला जवळपास ३९ किलोज्यूल उष्णता काढावी लागते. नुसती हवा गार करायला लागतात फक्त २४. म्हणजे निम्म्याहून जास्त ताकद हवा कोरडी करण्यातच जाते.

विदर्भातल्या ४२ अंशांच्या, १५ टक्के आर्द्रतेच्या कोरड्या हवेसाठी हाच हिशोब केला, तर एकूण ३२ किलोज्यूलच्या आसपास येतो. म्हणजे बाहेरची ताजी हवा गार करायची असेल, तर किनाऱ्यावरच्या एसीला जवळपास दुप्पट राबावं लागतं.

म्हणूनच पहिली तपासणी फुकटातली आहे. डॅशबोर्डवर गाडीच्या चित्रात गोल फिरणारा बाण असलेलं बटण असतं, ते रीसर्क्युलेशनचं. ते बंद राहिलं असेल तर एसी सतत बाहेरची दमट हवा ओढत बसतो. गाडी उन्हात उभी होती, तर आधी दोन मिनिटं काचा खाली करून गरम हवा बाहेर जाऊ द्या, मग काचा लावून हे बटण दाबा. बऱ्याच वेळा ‘बिघाड’ इथेच संपतो. मात्र लांबच्या प्रवासात अधूनमधून बाहेरची हवा आत घ्या, नाहीतर गाडी कोंदट होऊन डोळ्यांवर झापड येते.

लक्षण सांगतं रोग कुठे आहे

एसी कधी गार होतो आणि कधी होत नाही, हे नीट बघितलं तर निम्मं निदान तिथेच होतं.

१. गाडी पळताना गार, फाटक किंवा सिग्नलवर गरम

संशय कंडेन्सरच्या पंख्यावर. गाडी पळते तेव्हा वाऱ्यानेच कंडेन्सर गार होतो, उभ्या गाडीत मात्र पंखा लागतो. इंजिन सुरू ठेवून एसी लावा आणि लांबूनच बघा, पंखा फिरतोय का? फिरत नसेल तर फ्यूज, रिले, वायर किंवा पंख्याची मोटर यांपैकी काहीतरी गेलंय. यात गॅसचा काही संबंध नाही. बॉनेट उघडं असताना पंख्याजवळ हात, ओढणी किंवा गळ्यातला रुमाल नेऊ नका, पंखा अचानक सुरू होतो.

२. हवाच कमी येते, पण येते ती गार

संशय केबिन फिल्टरवर. बहुतेक गाड्यांत तो डॅशबोर्डच्या कप्प्यामागे असतो. एमआयडीसीच्या रस्त्यांवरची धूळ आणि पावसाळ्यातली बुरशी यांनी तो चोंदतो. कधी उंदराने तिथे घरही केलेलं असतं. फिल्टर बदलायला मेकॅनिकही लागत नाही.

३. सुरुवातीला गार, तासाभराने हवाच येईनाशी होते, एसी थोडा वेळ बंद ठेवला की परत ठीक

कूलिंग कॉइलवर बर्फ जमतोय. बर्फाने कॉइलची जाळी बुजते आणि हवा अडते. चोंदलेला फिल्टर किंवा कॉइलचं तापमान मोजणारा सेन्सर बिघडणं, ही त्याची नेहमीची कारणं.

४. एका बाजूच्या जाळीतून गार, दुसऱ्या बाजूने कोमट

गॅस कमी असू शकतो, किंवा गार-गरम हवा मिसळणारी आतली झडप अडकलेली असू शकते. तापमानाचं बटण फिरवल्यावर डॅशबोर्डमधून टकटक आवाज आला तर झडपेची मोटर बघायला सांगा.

५. अजिबात गार नाही, पण हवा जोरात

कॉम्प्रेसर सुरू होतोय का ते बघा. अनेक गाड्यांत एसी लावताच ‘टक’ असा आवाज येतो, तो मॅग्नेटिक क्लच बसल्याचा. आवाज आला नाही तर फ्यूज, रिले, क्लच, प्रेशर स्विच किंवा गॅस, यांपैकी काहीही असू शकतं. गॅस फारच कमी झाला तर प्रेशर स्विच कॉम्प्रेसर सुरूच होऊ देत नाही, कारण गॅससोबत फिरणारं तेल पोहोचलं नाही तर कॉम्प्रेसर जाम होतो. काही नव्या गाड्यांच्या कॉम्प्रेसरला क्लचच नसतो, तिथे ‘टक’ची वाट बघू नका.

६. एसी अचानक गरम आणि इंजिनाच्या तापमानाचा काटाही वर

इथे एसी विसरा. इंजिन तापलं की गाडीचा कॉम्प्युटर स्वतःहून कॉम्प्रेसर बंद करतो. कूलंट कमी झालेलं असू शकतं किंवा पंखा बंद पडलेला असू शकतो. एसी बंद करा, गाडी बाजूला घ्या, इंजिन बंद करून गार होऊ द्या. गरम रेडिएटरचं झाकण उघडू नका. ‘एसीच तर गेलाय’ म्हणून तसंच महामार्गाला लागलात, तर खर्च इंजिनावर येऊ शकतो.

गॅस ‘संपत’ नाही, तो गळतो

ही या लेखातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट. पेट्रोल जळतं म्हणून संपतं. एसीचा गॅस जळत नाही, तो बंद नळ्यांमध्ये गोल गोल फिरत राहतो. रबरी होजमधून वर्षानुवर्षांत थोडा झिरपतो, हे खरं. पण दर उन्हाळ्यात गॅस भरावा लागत असेल, तर ती देखभाल नव्हे, ती गळती आहे.

किनाऱ्यावर गळतीचं मोठं कारण म्हणजे खारी हवा. कंडेन्सर अ‍ॅल्युमिनियमचा असतो. अ‍ॅल्युमिनियमवर नैसर्गिकरीत्या एक पातळ संरक्षक थर असतो, पण मिठातले क्लोराइड तो थर जागोजागी फोडतात. मग बारीक खड्डे पडतात, पांढरी भुकटी दिसू लागते आणि एक दिवस सुईच्या टोकाएवढं भोक पडतं. समुद्राचा वारा, वाळू, मासळीच्या टेम्पोतून रस्त्यावर सांडणारं खारं पाणी, असं सगळं या पट्ट्यातल्या गाड्यांच्या तोंडावर बसत असतं. शिवाय पुढच्या गाडीच्या चाकाखालून उडालेला खडा थेट कंडेन्सरवर लागतो, तो वेगळाच.

उपाय साधा आहे. गाडी धुताना पुढच्या जाळीतून कंडेन्सरवर साध्या गोड्या पाण्याची हलकी धार सोडा. जोरदार प्रेशरची धार जवळून मारू नका, नाजूक पत्रे वाकतात आणि हवेचा रस्ताच बंद होतो.

गळती झाली की बहुतेक वेळा डाग दिसतो. गॅससोबत तेलही बाहेर येतं, त्यावर धूळ बसते. कंडेन्सरवर किंवा नळीच्या जोडावर तेलकट काळा डाग दिसला, तर त्याचा फोटो काढून मेकॅनिकला दाखवा.

दर वेळी नुसता गॅस भरला तर बिघडतं काय?

खिशापासून सुरुवात करू. गॅस भरणं हे साधारण हजार-दोन हजारांचं काम, कॉम्प्रेसर बदलणं त्याच्या कैक पट. गळतीसोबत तेल कमी होत जातं, आणि गॅस फारच उतरला तर हवेतला दमटपणाही आत शिरतो. तेल नाही, वर ओलावा, अशा अवस्थेत कॉम्प्रेसर आतून झिजतो. त्याचा धातूचा चुरा कंडेन्सर आणि व्हॉल्व्हमध्ये अडकतो. म्हणजे एका ओ-रिंगवर भागणारं काम अख्ख्या सिस्टीमवर जातं.

दुसरा मुद्दा हवामानाचा. पूर्वी गाड्यांमध्ये आर-१२ गॅस असायचा. त्याने ओझोनच्या थराला भोक पडतं हे कळल्यावर १९८७ मध्ये माँट्रियल करार झाला आणि तो गॅस हळूहळू हद्दपार झाला. त्याच्या जागी आलेला आर-१३४ए ओझोनला धक्का लावत नाही, पण पृथ्वी तापवतो. शंभर वर्षांच्या हिशोबात कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे १,४३० पट. अर्धा किलो गॅस गळला, तर तो सुमारे ७१५ किलो कार्बन डायऑक्साइड सोडल्यासारखं आहे. साधारण ३०० लिटर पेट्रोल जाळल्यावर जेवढा निघेल, तेवढा.

म्हणूनच २०१६ मध्ये किगाली इथे असे गॅस कमी करायचा करार झाला. भारताने २०२१ मध्ये त्याला मान्यता दिली. त्यानुसार भारतात ही कपात २०३२ पासून टप्प्याटप्प्याने होणार आहे आणि २०४७ पर्यंत ८५ टक्क्यांवर न्यायची आहे. युरोपात २०१७ पासून नव्या मोटारींमध्ये आर-१३४ए वापरता येत नाही. तिथे आर-१२३४वायएफ हा नवा गॅस आला. दोन्ही गॅस एकमेकांत मिसळायचे नसतात, त्यामुळे बॉनेटखालच्या स्टिकरवर कुठला गॅस लिहिलाय, ते आधी वाचा.

तिसरा मुद्दा जिवाचा. स्वस्तातल्या सिलिंडरमध्ये भेसळ असू शकते. २०११ मध्ये जहाजांवर माल नेणाऱ्या रेफ्रिजरेटेड कंटेनरचे स्फोट झाले. व्हिएतनाम आणि ब्राझीलमध्ये कामगारांचे जीव गेले. आर-१३४एच्या नावाखाली मिथाइल क्लोराइड मिसळलेला गॅस भरला गेल्याचं पुढे आलं. हे रसायन अ‍ॅल्युमिनियमशी प्रक्रिया करून हवा लागताच पेटणारं संयुग तयार करतं. आणि गाडीच्या एसीत अ‍ॅल्युमिनियम किती असतं, हे आताच बघितलं.

गॅरेजमध्ये हे पाच प्रश्न विचारा

“भरण्याआधी प्रेशर किती होतं?” मेकॅनिक दोन घड्याळांचा गेज लावतो. निळं घड्याळ कमी दाबाचं, लाल जास्त दाबाचं. एसी चालू असताना दोन्ही आकडे कमी असतील तर गॅस कमी असण्याची शक्यता जास्त. दोन्ही जास्त असतील तर गॅस जादा झालाय किंवा कंडेन्सर गार होत नाही. निळं जास्त आणि लाल कमी असेल तर कॉम्प्रेसर कमजोर असू शकतो. गेज न लावताच गॅस भरायला घेतला, तर थांबवा.

“गळती कुठे आहे ते दाखवाल?” नायट्रोजनचा दाब देऊन साबणाचं पाणी लावणं, गळती शोधणारं यंत्र फिरवणं किंवा निळसर दिव्याखाली चमकणारा रंग सोडणं, अशा पद्धती आहेत. त्यातली एक तरी वापरायला सांगा. डॅशबोर्डमागची कॉइल गळत असेल तर ती शोधणं अवघड आणि मजुरीही मोठी. म्हणून आधी खात्री, मग खोलाखोली.

“व्हॅक्यूम किती वेळ धरणार?” नळ्या उघडल्या असतील तर आतली हवा आणि ओलावा पंपाने ओढून काढावाच लागतो. साधारण अर्धा तास. दमट हवेत तर यात घाई नकोच. ओलावा राहिला तर एक्स्पान्शन व्हॉल्व्हच्या छिद्रात बर्फ होऊन एसी मधूनच बंद पडतो. मोठं काम निघालं असेल तर ओलावा शोषणारा ड्रायरही बदलून घ्या.

“गॅस वजनावर भरणार की अंदाजाने?” किती ग्रॅम गॅस लागतो ते स्टिकरवर लिहिलेलं असतं. ‘थोडा जास्त भरा म्हणजे जास्त गार होईल’ हा गैरसमज आहे. जास्त गॅसने दाब वाढतो, गारवा कमी होतो आणि कॉम्प्रेसरवर ताण येतो.

“जुना पार्ट दाखवाल?” बदललेला पार्ट मागून घ्या आणि बिलावर पार्ट, गॅसचं वजन आणि वॉरंटी लिहून घ्या.

स्वतः काय करू नये

एसीच्या नळीचा व्हॉल्व्ह दाबून ‘गॅस आहे का’ बघू नका. उणे २६ अंशांना उकळणारा द्रव बोटावर किंवा डोळ्यात उडाला तर कातडी गोठते. ऑनलाइन मिळणारी गळती बुजवायची बाटलीही टाळा. ती भोकाबरोबर व्हॉल्व्हही बुजवू शकते. इलेक्ट्रिक आणि स्ट्राँग हायब्रिड गाड्यांमध्ये एसीचा कॉम्प्रेसर थेट मोठ्या बॅटरीच्या जास्त व्होल्टेजवर चालतो. नारिंगी रंगाच्या केबलला हात लावू नका. त्यात तेलही वेगळं असतं, साध्या गाडीचं तेल घातलं तर विजेचा धोका निर्माण होऊ शकतो. असं काम प्रशिक्षित माणसाकडूनच करून घ्या.

हा प्रश्न फक्त आरामाचा नाही

बोईसरच्या कारखान्यांतून कामगारांना नेणाऱ्या गाड्या, शाळेच्या व्हॅन, महामार्गावरचे ट्रक, या सगळ्यांत माणसं तासन्‌तास बसलेली असतात. ट्रकचालकांच्या उकाड्याची दखल सरकारनेही घेतली. १ ऑक्टोबर २०२५ पासून तयार होणाऱ्या साडेतीन टनांवरच्या ट्रकच्या केबिनला एसी बंधनकारक करण्यात आला. म्हणजे एसीची ही दुखणी आता ट्रकवाल्यांच्याही वाट्याला येणार.

पावसाळ्यात तर एसी थेट सुरक्षेचा भाग होतो. काचेवर आतून धुकं धरलं की ते झटकन घालवायला कोरडी हवा लागते, आणि ती एसीच देतो. त्यामुळे जूनच्या आधी एसी तपासून घेणं, हे वायपर बदलण्याइतकंच गरजेचं आहे.

आणि दोन गोष्टी एसी ठणठणीत असला तरी पाळायच्याच. लहान मुलाला ‘एसी चालू आहे ना’ म्हणून गाडीत एकटं सोडायचं नाही. एसी मध्येच बंद पडला तर बंद गाडी काही मिनिटांत भट्टी होते. आणि उभ्या गाडीत इंजिन सुरू ठेवून, काचा लावून झोपायचं नाही. गळक्या सायलेन्सरमधून कार्बन मोनॉक्साइड आत येतो. त्याला वास नसतो, रंग नसतो आणि झोपलेल्या माणसाला तो जागं होऊ देत नाही.

थोडक्यात काय, तर एसी गरम झाला की आधी बटण बघा, मग फिल्टर, मग पंखा, मग फ्यूज. हे सगळं ठीक असेल तर गेज लावून गळती शोधा. भोक बुजल्याशिवाय गॅस भरणं म्हणजे फुटक्या माठात पाणी ओतणं. माठ बदला, पाणी आपोआप टिकेल.